खिशातले दहा वाल

मासिक सभेत डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, त्या दिवसापासून मी बिघडले. त्याआधी मी बरी होते. निशिगंधा नावाची, दहावीला गणितात गटांगळी खाल्लेली सत्तेचाळीस वर्षांची बाई, रोह्यापासून बारा किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावात तेरा वर्षं आशाचं काम करणारी. माझं खरं नाव आता आधार कार्डावर आणि विमलवैनींच्या तोंडात तेवढं उरलंय. बाकी गावाला मी आशाताई. एकदा नवऱ्यानेसुद्धा फोनवर 'हॅलो, आशाताई?' म्हटलं होतं, आणि मी 'बोला, कितवा महिना' म्हटलं होतं.

टाळ्या कशाच्या ते सांगते. पोटातलं बाळ खुशाल आहे की नाही हे बाहेरून ओळखायच्या ज्या तऱ्हा आहेत, त्यात सगळ्यात सोपी म्हणजे त्याची हालचाल मोजणं. सातवा महिना सरला की आईने रोज मोजायची. त्याला मशीन लागत नाही, वीज लागत नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं: जेवण झालं की डाव्या कुशीवर शांत पडायचं, पोटाकडे लक्ष द्यायचं, दोन तासांत दहा वेळा बाळ हललं की ठीक. नाही हललं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मी वहीत लिहून घेतलं. मी सगळंच वहीत लिहून घेते. शाळेत घेतलं असतं तर आज सिस्टर असते.

अडचण मोजण्यात होती. आमच्या पोरी कामात असतात, आकडा विसरतात. एकीने मला सात सांगितले, खोदून विचारलं तर त्यात कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या. तेव्हा मी डोकं चालवलं. डोकं चालवायची मला हौस आहे, ते कुठे चाललंय हे मी नंतर बघते. गावातली प्रत्येक सून घरात गाऊन घालते, वर ओढणी. गाऊनला दोन खिसे असतात, ज्यात मोबाईलशिवाय काही ठेवत नाहीत. आणि वाल तर आमच्याकडे ज्याच्या त्याच्या घरी. सकाळी डाव्या खिशात दहा वाल टाकायचे. बाळ हललं की एक वाल उजव्या खिशात. डावा रिकामा झाला की दहा झाले. मग मी दिलेल्या कागदावर तारखेसमोर बरोबरची खूण करायची.

कागद मी स्वतः बनवला. रोह्याच्या अलीकडे वरसे गावात झेरॉक्सच्या दुकानात बसून टाईप करून घेतला. वर बाळाचं चित्र, मध्ये महिन्याच्या तारखा, खाली माझा नंबर, आणि अगदी खाली बारीक अक्षरात 'संकल्पना : निशिगंधाताई'. बारीक म्हणजे तसं फार बारीक नाही.

सभेत मी साडीवरून गाऊन चढवून प्रात्यक्षिक केलं. माझ्या पोटाचा आकार बघता उशी बांधायची गरज पडली नाही. गटप्रवर्तक मॅडमनी व्हिडिओ काढला, डॉक्टरसाहेब म्हणाले की याला म्हणतात तळागाळातून आलेली कल्पना. तळागाळातून आलेली मी दोन दिवस कुणाशी साधं बोलले नाही.

या सगळ्यात दोन तासांचं काय झालं, असं कुणी विचारलं नाही. ते मी खाल्ले होते.

खाल्ले ते विमलवैनींच्या ओटीवर बसून. त्यांची सून मृणाली, पेणकडची, खाडीकाठच्या गावातली. बाप मिठागरावर कामाला. नवरा जितेश डोलवीला कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर, आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा कुठे हे दिवस आले होते. मृणाली अशी पोर, की तिला पाणी विचारलं तर 'तुम्ही घ्या ना आधी' म्हणेल. समोरच्याला वाईट वाटू नये यासाठी ती काहीही करेल. हे मला माहीत होतं, आणि मला ते आवडायचं. ते धोक्याचं आहे हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

तर मी पौषात त्यांच्या ओटीवर गेले आणि दोन तास डाव्या कुशीवर पडायचं समजावून सांगितलं.

"आडवी?" विमलवैनी म्हणाल्या. "दिवसाढवळ्या?"

"जेवणानंतर, वैनी."

"गो निशा, जितेशच्या येळेला मी लावणीत हुते. गुडघाभर चिखलात. तवा कोण मोजत हुता त्याच्या लाथा? बेडूक?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"आणि भांडी? ती पण डाव्या कुशीवरून घासायची?"

आता माझी बाजू ऐका. या घरात मी तोवर तीन लढाया लढले होते. पहिली, तिसऱ्या महिन्यातल्या रक्ताच्या तपासणीची, बाळात काही जन्मजात दोष असण्याची शक्यता किती ते बघतात ती. वैनी म्हणाल्या, जन्माला यायच्या आधीच पोराच्या खोड्या काढायच्या, ही कुठली रीत. दुसरी, पाचव्या महिन्यातल्या मोठ्या सोनोग्राफीची. वैनींना वाटत होतं की तिथे मुलगा-मुलगी कळतं आणि मी मुद्दाम सांगत नाही. मी शपथेवर सांगितलं की कायद्याने सांगत नाहीत आणि मला तर त्या पडद्यावर फक्त पाऊस दिसतो. तिसरी, साखरेच्या तपासणीची. ते ग्लुकोजचं गोड पाणी मृणाली प्यायली आणि माझ्याच चपलांवर ओकली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही लढाया मी जिंकले, पण चौथीसाठी अंगात काही उरलं नव्हतं.

"बरं, राहू दे दोन तास," मी म्हटलं. "दिवसभरात दहा झाले की झालं."

हे मी माझ्या तोंडाने म्हटलं. कुणी लिहून दिलं नव्हतं. आणि एका घरी म्हटल्यावर लक्षात आलं की हे सोपं पडतं, कुठलीच सासू भुवया उंचावत नाही. मग गावातल्या सगळ्या सात जणींना तेच सांगितलं. रोज संध्याकाळी फेरी मारायची, दारातूनच विचारायचं, "झाले का दहा?" आतून उत्तर, "झाले, ताई." कागदावर खूण. माझ्यासारखी सुखी बाई रोहा तालुक्यात नव्हती.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी मृणालीला माहेरी पाठवायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात काही बोलायला जागा नसते. सदतिसावा आठवडा लागला होता. तिचा भाऊ आदर्श सकाळीच पेणहून गाडी घेऊन आला. त्याच दिवशी अंगणवाडीत तपासणी होती, म्हणून मीच सुचवलं, की तपासून, वजन करून, कार्डावर लिहून घेऊ आणि तिथूनच निघा. विमलवैनींची एकच अट, की दीडच्या आत गाडी हलली पाहिजे, गुरुवारी दीडला राहूकाळ लागतो.

मी त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसले होते. कारण मृणालीच्या कार्डाबरोबर माझा कागद पेणला जाणार होता. तिथली आशा तो बघणार, तिथल्या सिस्टर बघणार. माझी पद्धत तालुका ओलांडणार होती. मी मनात भिसे खिंड पार करून वडखळपर्यंत पोचलेसुद्धा होते.

तपासायला प्रणिता सिस्टर आल्या होत्या. नवीन बदलून आलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मृणालीचं वजन केलं, बीपी घेतलं, पोटावर टेप धरली. टेप बघून कार्ड बघितलं, पुन्हा टेप धरली. मग म्हणाल्या, "हालचाल मोजतेस ना गं?"

मृणालीने पिशवीतून माझा कागद काढून दिला. मी पदर सारखा केला. कौतुक झालं तर 'तसं विशेष काही नाही' म्हणायचं, हे ठरवून ठेवलं होतं.

सिस्टरनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. सगळ्या तारखांना खूण.

"वेळ कुठे लिहिलीय?"

"कसली वेळ?" मी विचारलं.

"दहा व्हायला किती वेळ लागला, ती."

"दिवसभरात होतात ना सिस्टर. रोज दहा. एक दिवस चुकलेला नाही."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, दहा आज ना उद्या होणारच. ते किती वाजता होतात, हेच तर बघायचं असतं. उशीर होत चाललाय का ते." आणि मृणालीकडे वळल्या. "सुरुवातीला दहा किती वाजता व्हायचे?"

"न्याहारीच्या आत." ती हसली. "फार दंगा करायचं."

"आणि मागच्या आठवड्यात?"

"दुपार व्हायची."

"काल?"

मृणालीने माझ्याकडे बघितलं. सिस्टरकडे नाही, माझ्याकडे. "काल संध्याकाळी ताई आल्या तेव्हा आठच झाले होते," ती म्हणाली. "दोन मी टाकले."

"कुठे टाकले?"

"उजव्या खिशात. तुमचा कागद एवढा चांगला भरत आला होता, ताई. पेणला दाखवायचा होता ना तुम्हाला. म्हटलं एका दिवसासाठी कशाला खराब."

मी तिथल्या लहान खुर्चीवर बसले. अंगणवाडीतल्या पोरांची खुर्ची, माझ्या मानाची नव्हे.

"आणि आज?" सिस्टरनी विचारलं. बारा वाजत आले होते.

"एक. नाहीतर तो पण गाडीचा धक्का असेल, आदर्शने उतारावरून आणलं तेव्हाचा."

सिस्टरनी ठोके ऐकायचं छोटं यंत्र पोटाला लावलं. बाळाचे ठोके लागले, टपटप टपटप, जोरात. विमलवैनी दारातच उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. "बघा, हाय की चांगलं. चल मृणाली, ओटी भरते."

"ठोके आहेत, पण तेवढ्याने भागत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पोट दोन आठवड्यांत वाढलेलं नाही. टेप तेव्हा एकतीस होती, आजही एकतीस. हालचाल कमी झालीय. आत्ता रोह्याला दवाखान्यात न्या. पट्टा लावून बघतील, सोनोग्राफी करतील. मी फोन करते."

"पेणला जातेच हाय ना ती," वैनी म्हणाल्या. "तिकडंच दाखवतील. आज निघाल्यावर मधेच दवाखान्यात उतरायचं, ते बरं दिसत नाय. एकदा ओटी भरली की सरळ माहेरच्या उंबऱ्यात."

"पेणला पोचायला दीड-दोन तास. मग घरी जाणार, जेवणार, उद्या सकाळी दाखवणार. तेवढा वेळ नको घालवायला."

"अवो बाय," वैनी माझा कागद हातात घेऊन सिस्टरना दाखवायला लागल्या, "ही आमची निशा रोज घरी येते. रोज. डॉक्टरनी टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी. ती म्हणते दहा झाले की बाळ बरोबर हाय. हे बघा दहा. हे बघा दहा. कालपण दहा. आता तुमी नवीन, तुमचं ऐकू का तिचं ऐकू?"

तेरा वर्षांत विमलवैनींनी माझी बाजू घेतली ती ही एकदा.

अंगणवाडीत त्या वेळी माझ्या सातपैकी पाच जणी होत्या, त्यांच्या तीन सासवा, सेविका आणि मदतनीस. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सिस्टरच काहीतरी बोलतील आणि निभावून जाईल. सिस्टर फोन लावत होत्या.

"वैनी," मी म्हटलं, "तो कागद खोटा आहे."

"काय म्हणतेस?"

"खोटा म्हणजे, माझी चूक आहे त्यात. ट्रेनिंगला सांगितलं होतं दोन तासांत दहा. दिवसभरात दहा हे मी माझ्या मनाने घातलं. तुमच्याशी वाद नको म्हणून घातलं. सगळ्यांना तेच सांगितलं. तुम्ही पण ऐका गं पोरींनो, ती खूण बघून निर्धास्त राहू नका. जिचं आज हललेलं नाही तिने आत्ता सांगा."

एका सासूने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. मला वाटतं ते माझ्या साडीबद्दल होतं, कारण दोघींनी साडीकडे बघितलं.

"मंग आता?" वैनी म्हणाल्या.

"आता ओटी नंतर. आदर्शची गाडी उभी आहे. मी बसते तिच्याबरोबर."

"आणि राहूकाळ?"

"तोवर आपण आत असू, वैनी. दवाखान्यात बाहेरचं काही येत नाही." हे कुठून सुचलं मला माहीत नाही. माझा त्यातला अभ्यास शून्य आहे. पण वैनींनी पिशवी उचलली.

गाडीत वैनी पुढे, आदर्शशेजारी. मागच्या सीटवर मृणाली डाव्या कुशीवर, डोकं माझ्या मांडीवर. डावी कूस अखेर मिळाली तिला. आदर्शने गाडी अशी सांभाळून चालवली, की एक खड्डा चुकवायला तो दोन खड्ड्यांतून गेला.

"ताई," मृणाली खालून म्हणाली, "माझ्यामुळे झालं का हे? मी दोन टाकले म्हणून?"

"नाही गं."

"मी सांगायला हवं होतं."

"तू सांगायला हवं होतंस, आणि मला सांगता येईल अशी मी असायला हवी होते. आता गप पड. हललं तर मला बोट लाव."

वरसे गेलं. तिने एकदाही बोट लावलं नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये. रोह्यात शिरल्यावर आदर्शने विचारलं, "सरळ पूल, की दवाखाना?" पूल ओलांडला की अष्टमी आणि मग पेणचा रस्ता. मी काही बोलायच्या आत वैनी म्हणाल्या, "तुला काय ऐकू येत नाय काय रं? दवाखाना."

आत पट्टा लावायची खोली पडद्याआड होती. दोन रुंद पट्टे पोटावर बांधले, एक बाळाचे ठोके टिपणारा, एक पोट कडक होतं का ते बघणारा. मशीनमधून कागदाची पट्टी हळूहळू बाहेर यायला लागली. तिथल्या नर्सने मृणालीच्या हातात एक बटण दिलं. बाळ हललं असं वाटलं की दाबायचं. बाळ हलतं तेव्हा त्याचे ठोके वाढले पाहिजेत, पट्टीवर छोटा डोंगर दिसला पाहिजे. वीस मिनिटांत निदान दोन डोंगर. नर्स सांगून दुसरीकडे गेली.

पट्टीवरची रेघ चालली होती, मिठागरासारखी सपाट. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते. दहा मिनिटं अंगठा हलला नाही. मग मृणालीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक, आणि तिचा अंगठा बटणावर टेकला.

"हललं?"

तिने मान पुन्हा पट्टीकडे वळवली.

"मृणाली, हललं नसेल तर दाबू नकोस. मला बरं वाटावं म्हणून दाबू नकोस. मला आत्ता बरं वाटलं नाही तरी चालेल."

तिने अंगठा काढला आणि रडायला लागली. रडल्याने पोट हललं, पट्टीवर उगाच वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. नर्स येऊन मला रागावली, की पेशंटला रडवू नका. मी 'बरं' म्हटलं. दिवस तसाच होता.

बाळ झोपलं असेल म्हणून साखरेचं सरबत दिलं, कूस बदलली, पुन्हा वीस मिनिटं घेतली. एक डोंगर आला, तोही टेकाडाएवढा. मग सोनोग्राफी. डॉक्टरबाई बाहेर येऊन वैनींशी बोलल्या, कारण सासू कोण हे न सांगता कळत होतं. बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालंय. बाळ महिन्याच्या मानाने लहान आहे. त्याला आत आता पुरेसं मिळत नाही, म्हणून ते हालचाल कमी करून ताकद राखतंय. सिझर करून बाहेर काढू, आजच, आत्ताच.

"उद्यापर्यंत थांबलं नसतं?" वैनींनी विचारलं.

"थांबलं असतं की नाही ते मी सांगू शकत नाही. थांबून बघणार नाही एवढं सांगते."

मृणालीने स्वतः सही केली. जितेशचा फोन लागेना. कंपनीत आत जाताना फोन गेटवर ठेवतात. आदर्शने गेटच्या ऑफिसात निरोप ठेवला आणि पेणला आईला फोन करायला बाहेर गेला. मृणालीला आत नेलं. जाताना ती म्हणाली, "ताई, तुम्ही जेवला नाहीत." मी देवाशपथ सांगते, त्या पोरीला कुणीतरी लहानपणीच एक थोबाडीत द्यायला हवी होती.

बाकावर मी आणि विमलवैनी. मधे त्यांची पिशवी, त्यात ओटीचा नारळ आणि तांदूळ. आमच्या मधल्या पिशवीलाही अवघडल्यासारखं झालं असेल.

"गो निशा," शेवटी वैनी म्हणाल्या. "पौषात तू मला सांगितलंस, आडवी पडू दे. मी नाय म्हटलं."

"हो."

"मंग दुसऱ्यांदा का नाय सांगितलंस?"

"घाबरले."

"कुणाला?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मला?" वैनींना खरंच नवल वाटलं होतं. "मला काय घाबरायचं? जितेशचा बापूस कधी नाय घाबरला."

"ते घरात कधी असायचे, वैनी?"

वैनी हसल्या नाहीत, पण नाकातून आवाज आला. मग पदर तोंडाला लावला आणि त्या तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने मला कळलं की त्या हसत नाहीयेत. मी पिशवी उचलून पलीकडे ठेवली आणि जवळ सरकले.

"माझं दुसरं असंच गेलं हुतं," त्या म्हणाल्या. "जितेशच्या पाठीवरचं. नववा लागला हुता. दोन दिवस हललं नाय. सासूबाई म्हणाल्या, पोर निजलंय. मी पण म्हटलं, निजलंय. कुणाला इचारणार."

एवढी वर्षं मी त्यांच्या घरी जातेय. माझ्या वहीत त्यांच्या घरातली सगळी लसीकरणं आहेत, सगळी रक्तदाबाची औषधं आहेत. हे नव्हतं. मी कधी विचारलंच नाही. मी तर त्यांच्याकडे गेले की आधी दाराच्या बाहेर चपला कुठल्या तोंडाने काढायच्या, म्हणजे पळता येईल, ते बघायची.

सव्वाचारला आतून रडणं ऐकू आलं. सगळ्यांच्या बाळांचं येतं तसं खणखणीत नाही, बारीक, आणि मधे थांबून. आम्ही दोघी उभ्या राहिलो. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा बसलो. बसताना माझ्या लक्षात आलं, की मी वैनींचा हात नाही, त्यांच्या बांगड्या धरल्या होत्या आणि दोन फुटल्या होत्या.

मुलगी. एक किलो नऊशे. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, की बाळ सध्या ठीक आहे, उबेखाली ठेवलंय, श्वास नीट आहे, पण वजन कमी म्हणून लक्ष ठेवायला लागेल. मृणाली शुद्धीवर आहे, अजून टाके चाललेत. अर्ध्या तासाने तीच नर्स बाळ घेऊन आली, टोपडं घातलेलं, डायपरमध्ये बुडालेलं. बाळाला आता कुणीतरी आपल्या उघड्या छातीशी लावून बसायचं होतं, अंगाची ऊब मिळायला. आई येईपर्यंत आजी चालेल.

"तुम्ही आशा ना?" नर्सने माझ्या ओळखपत्राकडे बघितलं. "येतं ना तुम्हाला? यांना बसवा, मला आत जायचंय."

तेरा वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे. येतं. आलं नाही तरी येतं, मग घरी जाऊन मोबाईलवर बघायचं. 'येतं'मधला 'ये' माझ्या तोंडात आलासुद्धा होता.

"मी ट्रेनिंगमध्ये बाहुलीवर केलंय," मी म्हटलं. "ती बाहुली चार किलोची होती आणि रबराची होती. मला एकदा दाखवा, सिस्टर. आणि मग मी करते तेव्हा बघा, बरोबर करते का ते."

नर्सने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पडदा ओढला. वैनींना आरामखुर्चीत मागे रेलून बसवलं. पंचावन्न वर्षांच्या विमलवैनी, ज्यांच्या डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नाही, त्यांनी ब्लाऊजचे हूक स्वतः काढले आणि छताकडे बघत बसल्या. नर्सने बाळ त्यांच्या दोन स्तनांच्या मधे उभं ठेवलं, पाय बेडकासारखे दुमडून, डोकं एका बाजूला वळवून. "मान अशी. फार खाली नाही, फार मागे नाही. नाक मोकळं राहिलं पाहिजे. आता तुम्ही करा." तिने बाळ उचललं आणि माझ्या हातात दिलं.

बाळाचं अंग ओल्या पिठासारखं होतं. मी ठेवलं. चुकलं. मान खाली गेली. नर्सने दोन बोटांनी सरळ करून दाखवली. मी पुन्हा ठेवलं. या वेळी ती "हं" म्हणाली, वरून कापड गुंडाळून घट्ट बांधलं आणि गेली.

वैनी हलायला तयार नव्हत्या, श्वाससुद्धा चोरून घेत होत्या. हनुवटीखालचं त्यांना काही दिसत नव्हतं.

"निशा," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "नाक मोकळं हाय का गो?"

मी खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसले आणि वाकून बघितलं. नाक मटराएवढं होतं. नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या.

"आहे," मी म्हटलं.

"नीट बघ."

मी नीट बघितलं.